खिळा ठोकता येतो का?

शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. खडूची धूळ आणि किस्से. धूळ निदान शनिवारी झाडली तरी जाते. किस्से मात्र कोणी झाडत नाही, उलट प्रत्येक जण येता-जाता त्यात मूठभर भर घालतो! आमच्याकडचे निम्मे किस्से एकट्या रमा मॅडमच्या फ्लॅटचे आहेत. मी मराठीची बाई, म्हणून ते सांगायचं काम माझ्याकडे आलं. बाकीचे सांगायला बसले की हसता हसता शेवटच खाऊन टाकतात.

रमा खिल्लारे मॅडम आमच्या गणिताच्या. मूळच्या शिरड शहापूरच्या. लग्न केलं नाही. त्या आणि त्यांची आई, अशा दोघींचं बिऱ्हाड अख्ख्या हिंगोलीत फिरलं. कुठं आडनाव सांगितलं की खोली "कालच गेली" असायची. जिथं मिळायची तिथं मालकाची पहिली अट ठरलेली, "भिंतीला खिळा ठोकायचा न्हाई!"

आता झालं होतं असं की दहावीच्या एका बॅचनं मॅडमना पितळेची पाटी करून दिली होती. 'रमा खिल्लारे, एम.एस्सी., बी.एड.' दाराशेजारी लावायची. पण दार दुसऱ्याचं, भिंत दुसऱ्याची! पाटी ट्रंकेत पडून. दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीआधी मॅडम ती चिंचेनं घासून लख्ख करायच्या, आईला दाखवायच्या आणि पुन्हा जुन्या साडीत गुंडाळून ठेवायच्या. आईचं एकच टुमणं, "रमे, मी हाय तवर ती एकदा दारावर दिसू दे."

म्हणून मॅडमना घर पाहिजे होतं. बाकी कशासाठी नाही.

*

एक दिवस जब्बारभाई स्टाफरूममध्ये आले. त्यांचं टाइल्सचं दुकान आहे आणि जोडीला घरं दाखवायचा धंदा.

"मॅडम, एक नंबर चीज आली. विंटेज फ्लॅट!"

विंटेज म्हणजे काय हे कोणाला विचारायची सोय नाही, कारण सगळेच मास्तर! शेवटी पीटीचे पतंगे सर धावून आले. पतंगे सरांना उत्तर येत नाही असा प्रश्न अजून जन्मायचा आहे.

"सोपं हाय. वीट-एज. म्हणजे विटेचं वय."

"बराबर!" जब्बारभाई म्हणाले. "सर शिकलेले मानूस हायत."

बिल्डिंग कोणती ते कळलं आणि मी उडालेच. हिंगोलीतली पहिली लिफ्टवाली बिल्डिंग! मी लहान असताना आमच्या सेनगावची माणसं बाजाराला आली की त्या लिफ्टमध्ये चक्कर मारूनच परतीची जीप धरायची. मलाही वडिलांनी नेलं होतं. आत पाय टाकणार, तेवढ्यात वडील म्हणाले, "चप्पल बाहेर काढ, नवी वस्तू हाय." आम्ही दोघांनी चपला काढल्या, आत शिरलो, आणि वर गेल्यावर लक्षात आलं की चपला खालीच राहिल्या!

*

फ्लॅट जुना, पण मालकाच्या बायकोनं त्याचा पार कायापालट केला होता. मालक अनिकेत ह्याच घरात लहानाचा मोठा झालेला, आता पुण्यात. बायको शलाका, मूळची पुण्याची. तिनं सगळं पुण्यात बसून, फोनवर बघून करून घेतलं होतं. पिवळे दिवे, जुन्या घाटाची बटणं, आणि दाराबाहेरच्या भिंतीपासून पार हॉलपर्यंत खास चुन्याचा खडबडीत गिलावा. त्याला म्हणे टेक्श्चर म्हणतात.

रमा मॅडमनी ना दिवे पाहिले ना बटणं. दारातच विचारलं, "खिळा ठोकता येतो का?"

"मॅडम, आपका घर! खिळा ठोका, खुंटी ठोका, सब्बल ठोका!"

तिकडे पतंगे सरांनी मजबुती तपासायला घेतली. म्हणजे काय, तर हॉलच्या मधोमध उभं राहून धडाधड उड्या! शर्टाच्या बाह्या वर करून, तोंडानं "एक-दोन, एक-दोन" म्हणत. फरशी हलली नाही, पण खालच्या मजल्यावरचे टाले काका हलले. रिटायर्ड माणूस, दुपारी जरा डोळा लागलेला. धापा टाकत वर आले.

"काय करून राहिले तुमी? हळद कुटून राहिले का?"

पतंगे सर खूश होऊन मॅडमकडे वळले, "पास! खाली बराबर आवाज गेला, म्हणजे मधी पोकळ न्हाई."

काका म्हणाले, "मधी न्हाई, वर पोकळ हाय," आणि सरांच्या डोक्याकडे बघून खाली गेले.

*

पाण्याचा किस्सा तर आमच्या व्याकरणाच्या तासाला सांगावा असा आहे.

दुसऱ्या खेपेला शलाकाचा व्हिडिओ कॉल आला. पोरगी बोलायला गोड. "मॅडम, किचनचा नळ बघितलात का? पाणी येतंय ना?"

मॅडमनी नळ सोडला. धो धो पाणी. "व्हय व्हय, पाणी येऊन राहिलं!"

पलीकडून घाबरा आवाज, "येऊन राहिलं? कुठे राहिलं?"

"इथंच, किचनमधी."

फोन कट! तासाभरात एक प्लंबर, एक वॉटरप्रूफिंगवाला आणि एक शिडी दारात हजर. तिघांनी अख्खं घर शोधलं, साठलेलं पाणी काही सापडेना. शेवटी प्लंबरनं तिला कळवलं, "आता काही न्हाई मॅडम, सगळं सुकं हाय." शलाका म्हणाली, "बघा! वेळेवर पकडलं म्हणून!"

आमच्या बोलीतलं 'येऊन राहिलं' पुण्याच्या कानात शिरताना 'येऊन मुक्कामाला राहिलं' होतं, हे मला घरी पोळ्या लाटताना सुचलं. मी मराठीची बाई, पण मराठी मला नेहमी उशिराच सुचते.

*

मग मॅडमनी आईला आणलं. आईनं आधी त्या खास भिंतीवरून हात फिरवला.

"गिलावा अर्धाच टाकून गवंडी पळाला का?"

"आई, असाच असतो तो. टेक्श्चर."

"आमच्या गावात हात थकला की होतो असा."

किचनला भिंत नाही हे बघून त्या म्हणाल्या, "इथं मिरचीची फोडणी दिली तर टीव्हीतल्या बाया खोकतील." एवढं बोलून त्या बाथरूमला गेल्या. तिथला दिवा हालचालीवर लागणारा. माणूस हलला की उजेड, स्थिर बसला की अंधार. आम्हाला कोणालाच ते माहीत नव्हतं. थोड्या वेळानं आतून हाक आली, "रमे, लाइट गेली!" आम्ही बाहेरून, "न्हाई गेली, आई!" पुन्हा, "आली! गेली! आली गं!" असं बराच वेळ चाललं. पतंगे सर मीटर बघायला धावले.

आई बाहेर आल्या, पदर नीट केला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "घर चांगलं हाय. पर संडासात बसून टाटा करावं लागतं!"

एवढं म्हणूनही घर त्यांच्या मनात भरलं होतं. जाताना चौकटीशेजारच्या भिंतीवर तळहात ठेवून त्या म्हणाल्या, "रमे, पाटी इथं."

*

पण माशी शिंकली. नांदेडचे एक डॉक्टर आडवे आले. त्यांनाही तोच फ्लॅट पाहिजे होता, बायकोचं माहेर हिंगोलीचं म्हणून. शलाकानं ठरवलं की तिची मेहनत जो जपेल त्यालाच घर द्यायचं. मधल्या सुट्टीत मॅडमना फोन आला. आम्ही सगळे डबे सोडून भोवती जमलो.

"मॅडम, तुम्ही घरात काही बदल करणार का?"

"काहीच न्हाई म्हणा!" पतंगे सर कुजबुजले. पण रमा मॅडम गणितवाल्या. उत्तराआधी रीत लिहायची त्यांची सवय.

"बदल असा न्हाई. दाराशेजारी एक खिळा ठोकीन."

"त्या भिंतीला? नको हो, प्लीज! अख्खं टेक्श्चर तडकेल. डॉक्टर तर म्हणालेत, आम्ही हातसुद्धा लावणार नाही."

फोन ठेवून मॅडम म्हणाल्या, "विकत घेऊन बी खिळा न्हाई? मंग भाड्याच्या घरानं काय घोडं मारलं होतं?" डोळे भरून आले होते. खडू उचलून त्या वर्गावर गेल्या आणि तासभर पोरांकडे पाठ करून फळ्यावर गणितं सोडवत राहिल्या. आम्हाला फार वाईट वाटलं. पतंगे सरांनी त्या दिवशी डबा उघडला नाही, ह्यावरून काय ते समजा.

*

आईची पानाची चंची त्या फ्लॅटवर विसरली होती. रविवारी जब्बारभाईंकडून चावी घेऊन मायलेकी ती आणायला गेल्या. चंची सापडली, पण आईचा पाय निघेना. "जाऊ दे घर, पर एकदा डोळे भरून पाहू दे." म्हणून दोघी एकेक खोली पाहत बसल्या.

दाराच्या बेलला शलाकानं कॅमेरा बसवला होता. मायलेकी फिरत दाराशी आल्या, तशी ती बेल एकदम बोलली, "कोण आहे आत?"

आई दचकल्या. "रमे! घर बोलून राहिलं!"

"खिल्लारे मॅडम? तुम्ही तिथे काय करताय?"

"काही न्हाई हो," मॅडम बेलला म्हणाल्या. "मी आन् आई घर पाहून राहिलो."

"राहिलात?"

"व्हय. जब्बारभाईनं चावी दिली."

"आणि... किती दिवस?"

मॅडमना वाटलं, पोरगी चेष्टा करते. त्या हसून म्हणाल्या, "आईचं मन भरस्तोवर!"

तिकडे पुण्यात शलाकानं नवऱ्याला सांगितलं, "त्या बाईंनी घर पाहिलं आणि राहायलाच आल्या! आईला घेऊन!" पुणेरीत सांगितल्यावर त्या बिचाऱ्या अनिकेतला तरी काय कळणार? वर शलाका सरळ मनाची. तिनं डॉक्टरांनाही फोन करून खरं काय ते सांगून टाकलं, की घरात कोणीतरी राहायला आलंय, पण आम्ही बघतो. डॉक्टर म्हणाले, "तुम्हीच बघा!" आणि त्यांनी मेहुण्याला दुसरा फ्लॅट शोधायला सांगितलं.

*

सोमवारी शाळा सुटताना जब्बारभाईंचा फोन. "मॅडम, जल्दी या! पुण्याचे लोक येऊन राहिले!"

आम्ही गेलो. शलाका फ्लॅटच्या मधोमध उभी, मागं भिंतीशी अनिकेत. ना गादी, ना स्टोव्ह, ना बादली.

"तुमचं सामान कुठंय?"

"कसलं सामान?" मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही राहिलात ना इथे? तुम्हीच म्हणालात, घर पाहून राहिलो!"

अनिकेतनं ते ऐकलं मात्र, भिंतीला टेकून हसत हसत तो खालीच बसला. टेक्श्चर पाठीला खरवडलं तरी त्याचं हसू थांबेना. "अगं, पाहून राहिलो म्हणजे पाहतोय! आमच्याकडे असंच बोलतात!"

शलाकानं हळूच विचारलं, "आणि पाणी येऊन राहिलं?"

"म्हणजे येतंय!"

"मग त्या प्लंबरनी काय दुरुस्त केलं?"

ह्याचं उत्तर पतंगे सरांकडेही नव्हतं. शलाका कपाळाला हात लावून हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिनं डोळे पुसले आणि रमा मॅडमकडे बघितलं. "डॉक्टर तर गेले. मॅडम, एकच खिळा ना?"

"एकच," मॅडम म्हणाल्या.

*

चावी हातात आली त्या दिवशी अख्खा स्टाफ त्या पहिल्या लिफ्टमधून वर गेला. मी चप्पल घालूनच गेले! चिंचेनं घासलेली पाटी आईनं छातीशी धरली होती. पतंगे सर म्हणाले, "द्या, मी ठोकतो." रमा मॅडमनी हातोडी दिली नाही.

"हळू मॅडम, हळू!" बेलमधून शलाकाचा आवाज. ती पुण्यातून बघून राहिली होती!

पहिला घाव बसला आणि खास गिलाव्याचा तळहाताएवढा पोपडा खाली आला. "आई गं!" बेल म्हणाली. आत जुना हिरवा रंग, आणि त्याच्याही आत लालभडक वीट. पतंगे सर वाकून बघत म्हणाले, "ही पाहा! वीट-एज!"

दुसरा घाव. तिसरा. खिळा सरळ आत गेला. आईनं पाटी पुढं केली, मॅडमनी ती अडकवली, आणि जरा ढिली वाटली म्हणून खिळ्यावर अजून दोन घाव जोरात घातले.

खालून टाले काकांचा आवाज जिन्यात घुमला, "आता कोन कुटून राहिलं वर? कोन भाडेकरू हाय तो? मालकानं सांगितलं न्हाई का, खिळा ठोकायचा न्हाई म्हणून?"

रमा मॅडम हातोडी घेऊन कठड्याशी गेल्या. आणि ज्या आवाजानं दहावीचा मागचा बाक गप्प बसतो, त्या आवाजात खाली वाकून म्हणाल्या,

"वर या, आन् पाटी वाचा!"