मागच्या डाव्या खिडकीची पट्टी

खून, दरोडे, दंगली असं सगळं नोकरीत पाहिलं. त्यातलं बरंचसं आता धूसर झालंय. पण हातभर लांबीच्या एका प्लास्टिकच्या पट्टीची चोरी मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. लोकांना सांगितलं की हसतात. फिर्याद आली त्या दिवशी मीही हसलो होतो.

त्या वेळी मी श्रीगोंदा तालुक्यात होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल बघत बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला आणि म्हणाला, "साहेब, काष्टीचे बागायतदार आलेत. गाडीची पट्टी चोरीला गेली म्हणतात."

"कसली पट्टी?"

"खिडकीवरची. पावसाची."

गाडीच्या खिडकीच्या वरच्या कडेला धुरकट रंगाची वाकडी पट्टी बसवलेली असते. काच दोन बोटं खाली ठेवली तरी पाऊस आत येत नाही आणि वारा मात्र येतो. दुकानदार तिला डोअर व्हायझर म्हणतात. आता अशा वस्तूसाठी गुन्हा दाखल करायचा म्हणजे कागद वाया घालवणं, असं माझं मत होतं. पण बागायतदार तालुक्यातलं मोठं प्रस्थ. त्या सकाळी मी ठाण्यात येण्याआधीच वरून फोनही येऊन गेला होता. मी कातावलोच होतो, तरी त्यांना आत बोलावलं.

पन्नाशीचा धिप्पाड माणूस, पण खुर्चीत अवघडून बसला होता. गाडी होती त्यांच्या वडिलांची, जुनी अँबॅसिडर. वडिलांना ते अण्णा म्हणत. अण्णा गेल्यापासून गाडी कुणी चालवली नव्हती. शेडमध्ये उभी करून ठेवलेली, दसऱ्याला तेवढी बाहेर काढून पूजा करायचे.

"चारपैकी एकच नेली साहेब," ते म्हणाले. "मागच्या डाव्या खिडकीची. अण्णा तिथंच बसायचे. तुम्हाला हसू येईल, पण मला त्या गाडीकडं बघवत नाही आता."

मग मात्र मला हसू आलं नाही. फिर्याद लिहून घेतली.

दुपारी बीट हवालदाराला घेऊन पंचनाम्याला गेलो. चोरी बाजाराच्या दिवशी झाली होती. काष्टीचा बाजार म्हणजे सगळं गाव तिकडे, वाड्यावस्त्यांवर चिटपाखरू नसतं. रखवालदारही बाजारात गेला होता. शेडला कुलूप नव्हतं. मला दोन गोष्टी खटकल्या. पहिली ही, की भंगारवाला असता तर चारी नेल्या असत्या, बॅटरी नेली असती, आरसे नेले असते. याला एकच हवी होती. दुसरी गोष्ट हवालदारानं दाखवली. सगळ्या गाडीवर बोटभर धूळ, आणि ज्या दाराची पट्टी काढली त्या दाराची काच तेवढी लख्ख पुसलेली. दारही नीट लावलेलं. जुन्या अँबॅसिडरचं दार लावायला हात बसलेला लागतो.

"ड्रायव्हर हाय साहेब," हवालदार म्हणाला. "जुना ड्रायव्हर. घाण काच त्याला बघवली न्हाई."

"आणि त्याच्या गाडीत मागं डावीकडं कुणीतरी बसतंय," मी म्हणालो.

पुढचं काम सरळ होतं. जुन्या गाड्यांच्या अशा पट्ट्या आता कुठं मिळत नाहीत. मिळतात त्या नव्या गाड्यांच्या, त्या बसत नाहीत. म्हणजे चोरी करण्याआधी या माणसानं दुकानं पालथी घातली असणार. नगरला गेलो आणि सुट्या भागांच्या बाजारात दुकानादुकानांत विचारत सुटलो. एका म्हाताऱ्या दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "आलता की. किती चकरा मारल्या बिचाऱ्यानं. पुन्याला जुन्या बाजारात पन जाऊन आलो म्हनाला. मागची डावी तेवढी बघा, बाकीच्या नको, असं म्हनायचा. शेवटी मीच सांगितलं, काष्टीला एक गाडी हाय, तिला चारी हायेत, जाऊन विचार."

"कोण होता?"

"नाव न्हाई विचारलं. आपल्या जिल्ह्यातल्या बेलापूरकडचा. मिशनच्या दवाखान्यात ड्रायव्हर हुतो म्हनायचा. दवाखान्यानं गाडी विकायला काढली तेव्हा त्यानंच घेतली."

एवढी टीप पुरेशी होती. पण मध्ये नवरात्राचा बंदोबस्त आला. दसरा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी स्टेशन डायरीत नोंद करून निघालो. तिकडच्या ठाण्याला कळवलं आणि साध्या कपड्यांत बेलापुरात शिरलो. गल्लीत सगळ्या गाड्या कालच्या पूजेच्या झेंडूत सजून उभ्या होत्या. एका बैठ्या घरापुढं पांढरी अँबॅसिडर होती, तिलाही माळ. दारावर मात्र क्रूस. शेजारच्या पोरींनी सगळ्या गल्लीतल्या गाड्यांना माळा घातल्या त्यात हिलाही घातली असणार. मागच्या डाव्या खिडकीवर पट्टी होती. बाकी तिन्ही खिडक्या मोकळ्या.

अंगणात खाटेवर एक बाई उशीला टेकून बसल्या होत्या. अंगात काही उरलं नव्हतं. बोलताना प्रत्येक चार शब्दांनंतर थांबत होत्या. मी गाडीकडे बघतोय हे पाहून त्या आपणहून म्हणाल्या, "गाडी बघताय का भाऊ? जुनी हाय, पर लई जपत्यात हे. आता पट्टी बी आनली. माझ्या फुफ्फुसाचं दुखनं हाय. नगरला न्यावं लागतं सारखं. काच वर घेतली की जीव घाबरा हुतो. उघडी ठेवली की पावसात भिजून ताप भरतो. ह्यांनी कुठनं कुठनं शोधून आनली बघा."

घरातून त्यांचे यजमान बाहेर आले. सत्तरीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले. माझ्या बुटांकडे बघितलं आणि ओळखलं. पोलिसाचे बूट साध्या कपड्यांत लपत नाहीत.

"सलाम साहेब," ते हळूच म्हणाले. "जरा गाडीपाशी येता का?"

गाडीआड गेल्यावर मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं. "व्हय साहेब. मीच काढली."

चौकशी कशाला म्हणायची तिला. मी विचारत होतो आणि ते सांगत होते.

"एकच का काढली?"

"ती तिथंच बसती. बाकीच्या मला कशाला?"

"आधी मागून का नाही बघितलं मामा? माणूस वाईट नाही तो."

"गेल्तो की. दोन खेपा गेल्तो. फाटकावरच्यानं हाकललं. मालक देत न्हाईत म्हनला."

"मालकांना भेटायचं ना मग."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी काही वेगळंच बोललोय असा चेहरा. "साहेब, मी जन्मभर मोठ्या मानसांची गाडी चालवली. दवाखान्यात डॉक्टरांच्या दारात मीच उभा असायचो. आता भेटत न्हाईत, उद्या या, असं किती लोकांना मी सांगितलंय. डॉक्टरांना न विचारता. फाटकावर न्हाई म्हनलं म्हंजे न्हाई. आत जायचं आमाला कसं सुचनार?"

त्यांनी फक्त एकच विनंती केली. "हिला कळू देऊ नका. चोरीची हाय म्हनल्यावर ती गाडीत बसायची न्हाई."

मग मी खाटेपाशी जाऊन त्या बाईंना सांगितलं, "मावशी, या पट्टीत थोडी खोट निघालीय. बदलून द्यायचीय. घेऊन जातो."

"दुकानातले व्हय तुमी? बदला की," त्या म्हणाल्या. "पर लवकर द्या बरं का. पाऊस अजून गेला न्हाई."

"लवकर आणतो," मी म्हणालो.

तिथल्या ठाण्यापर्यंत गाडी त्यांनीच चालवत आणली. पंचांसमोर पट्टी त्यांनीच काढून दिली, आणि द्यायच्या आधी रुमालानं पुसली. त्यांचं वय बघून अटक केली नाही, नोटीस दिली. पट्टीला सील लागलं, लेबल लागलं आणि ती मुद्देमालाच्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी बागायतदारांना बोलावून सगळं सांगितलं. चोर सापडला म्हणून ते खुशीत आले होते. ऐकता ऐकता मान खाली गेली. त्यांनी रखवालदाराला तिथंच बोलावून घेतलं.

"म्हातारा आला होता?"

"आलता की मालक," रखवालदार म्हणाला. त्याला काही चुकलंय असं वाटतच नव्हतं. "अण्णांच्या गाडीचे पार्ट मागत हुता. असल्या गोष्टीसाठी तुमाला काय विचारायचं? मीच लावला वाटेला."

बागायतदारांनी त्याला हातानंच बाहेर जायला खुणावलं. मग म्हणाले, "अण्णा असते तर आधी त्याला जेवू घातलं असतं साहेब. केस मिटवा. पट्टी आजच्या आज त्यांना देऊन टाका."

देऊन टाकता आली असती तर मी स्वतः नेऊन दिली असती. पण गुन्हा दाखल झाला, मुद्देमाल जप्त झाला, की ती वस्तू ना फिर्यादीची राहते ना पोलिसांची. कोर्टाचा आदेश लागतो. मग सुपुर्दनामा, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन वस्तू ताब्यात घ्यायची. बागायतदारांनी त्याच दिवशी वकील गाठला. अर्ज झाला, आमचं म्हणणं आम्ही लगेच दिलं, हरकत नाही म्हणून. पुढं सुट्ट्या आल्या, नंतर तारीख पडली. आणि नेमका त्याच दिवसांत परतीचा पाऊस असा कोसळला की घोड नदीला पाणी मावेना. ठाण्याच्या पत्र्यावर पाऊस वाजला की माझं लक्ष मुद्देमालाच्या खोलीकडे जायचं. त्या बाई नगरला जात असतील का, काच वर असेल का खाली, हेच मनात यायचं.

आदेश मिळाला त्या दिवशी बागायतदार म्हणाले, "तुम्हीही चला साहेब. मला एकट्याला बोलायला जमायचं नाही." मीही ठरवलंच होतं. त्यांनी पट्टी नव्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली होती. कोल्हारच्या पुलावर थांबून चहा घेतला, तेव्हाही खाली ठेवली नाही.

गल्लीत शिरलो तर घरापुढं खुर्च्या मांडलेल्या. आत प्रार्थना चालली होती. कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. दफन आदल्या दिवशीच झालं होतं.

मामा गाडीच्या उघड्या दारात बसले होते. तोच इस्त्रीचा शर्ट. आम्हाला बघून उठले आणि सलाम म्हणाले. बागायतदारांनी टॉवेल पुढं केला. म्हणाले, "मामा, मला माहीतच नव्हतं हो. मला कुणी सांगितलंच नाही."

"तुमची काय चूक मालक," ते म्हणाले. "मागल्या खेपेला नगरला नेताना लई पाऊस हुता. काच वर घेतो म्हनलो तर घेऊ देईना. भिजत गेली. ताप भरला तो उतरलाच न्हाई. दवाखान्यात दोनदा विचारलं तिनं, तो दुकानातला भाऊ अजून आला न्हाई का." ते माझ्याकडे बघून म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बागायतदार म्हणाले, "तरीही ही तुमच्याच गाडीला राहू द्या."

मामांनी टॉवेल उघडला, पट्टीवरून एकदा हात फिरवला आणि पुन्हा गुंडाळून त्यांच्या हातात दिला. "तुमच्या वडिलांची हाय. न्या. मला आता काच वर घेतली तरी चालती."

पुढं कोर्टात आपसात मिटलं. कागदोपत्री प्रकरण उत्तम निकाली निघालं, तपासाबद्दल वरून शाबासकीही मिळाली. मी कायद्याप्रमाणे वागलो होतो आणि आजही तसाच वागेन. बागायतदारही नीट वागले. रखवालदारानं इमान राखलं. मामांनी फाटकावरच्या माणसाचा शब्द मानला, कारण जन्मभर त्यांनीही तसाच शब्द दिला होता. आपल्याकडं मोठ्या माणसाच्या दारात दुसराच कुणीतरी त्याच्या वतीनं नाही म्हणतो, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. नंतर ज्या ज्या ठाण्याला गेलो, तिथं पहाऱ्यावरच्या शिपायाला मी ताकीद देत असे, की माझ्या वतीनं कुणाला नाही म्हणायचं नाही, नाही म्हणायचं असलं तर मी म्हणेन. काही अधिकारी त्यावरून माझी थट्टा करायचे.

हा शहाणपणा मला त्या प्रकरणानं दिला. पण त्या खाटेवरच्या बाईला मी लवकर आणतो म्हणालो होतो, आणि ती वाट बघत गेली. याचं मला फार वाईट वाटतं.