मामाचा कच्चा टाका

माझा मामा शिंपी आहे. नववीत शाळा सोडली तेव्हापासून मी त्याच्या दुकानात काजं-बटणं करते. घरात सगळे माझ्यावर तुटून पडले होते, तेव्हा मामा एकटाच म्हणाला, चल, मशीनवर बस. म्हणून मामाबद्दल कुणी वाकडं बोललं की माझी सटकते. आधीच सांगून ठेवते.

कामाला मामा फार कडक. एक टाका सैल दिसला की अख्खी बाही उसवायला लावतो, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. मामी म्हणते, लग्नात ह्यांनी माझ्या बाहीची शिवण आधी बघितली, तोंड नंतर.

बुधवारी दुकान बंद. त्या दिवशी आम्ही मुलांच्या वसतिगृहात जातो. ज्यांना घर नाही किंवा ज्यांना घरी ठेवता येत नाही, अशी पोरं तिथं राहतात. मामा एकदा युनिफॉर्मची मापं घ्यायला गेला आणि तिथलाच झाला. जेवणाच्या हॉलमध्ये खिडकीशी बसतो, पोरांचं फाटकं-उसवलेलं शिवून देतो. फुकट. नियम एकच, ज्याचा कपडा त्यानं शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायचा. मामा काही विचारत नाही. पोरंच आपणहून बोलायला लागतात.

त्यांतला एक घुम्या. असेल दहा-अकराचा. कुणाशी बोलत नाही, म्हणून घुम्या. त्याच्या पँटच्या गुडघ्याचं ठिगळ दर बुधवारी सुटलेलं. तीच पँट, तोच गुडघा. एकदा मी त्याला जिन्याखाली पकडलं, तर हा दातांनी टाके तोडत बसलेला. तशीच मामाकडे गेले.

"माहितीय," मामा म्हणाला. बस, एवढंच.

मग मी नीट बघितलं. मामा त्या ठिगळाला कच्चा टाका घालत होता. कापड नुसतं जागेवर धरायला घालतात तो, ओढला की सुटतो. मला बाह्या उसवायला लावणारा हाच माणूस ना? माझं डोकंच चालेना.

त्याच दिवशी वसतिगृहाच्या मोठ्या बाईंनी मामाला आणि मला ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, तुम्ही येता ते चांगलंच आहे, पण तुमचं शिवलेलं आठवडाभर टिकत नाही, त्या घुम्याचा गुडघाच बघा. मागच्या गल्लीतला लाँड्रीवाला शिवणही करतो, कपडे आता त्याच्याकडे पाठवू. पुढचा बुधवार तेवढा करा.

"वय झालं, बाई. हात पूर्वीसारखा चालत नाही," मामा म्हणाला.

मी तोंड उघडणार, तर टेबलाखालून त्यानं माझ्या पायावर पाय दिला. खरं सांगावं तर घुम्या अडकणार. गप्प बसावं तर मामा जाणार. बाहेर आल्यावर मी मामाशी भांडले, खोटं का बोललास म्हणून.

"पँट का उसवतो ते त्यानं मला सांगितलेलं नाही," मामा म्हणाला. "मग मी दुसऱ्याला कसं सांगू?"



बाईंशी बोलायचं नाही, ठीक. घुम्याशी बोलू नको असं मामा म्हणाला नव्हता. मी परत आत गेले आणि त्याला सरळ सांगितलं, तू उसवतोस आणि नाव मामाचं खराब होतंय. पुढच्या बुधवारनंतर मामा येणार नाही. त्यानं गुडघ्यावरचं ठिगळ हातानं झाकलं.

पुढच्या बुधवारी बाई हॉलमध्येच होत्या. घुम्या आला, त्यांच्यासमोर खुर्चीवर पाय ठेवला आणि म्हणाला, "ओढून बघा."

त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. काळ्या पँटला पांढरा दोरा, तोही दुहेरी, टाके एकमेकांवर चढलेले. पोत्याचं तोंड शिवतात ना, तसं. सुई कुठून पैदा केली कोण जाणे. बाईंनी ठिगळ ओढलं. हललं नाही.

"मामांनी शिवलंय," घुम्या म्हणाला.

बाईंनी मामाकडे बघितलं. मामानं खिडकीबाहेर.

"टिकलंय खरं," म्हणाल्या, आणि चहा सांगायला निघून गेल्या. लाँड्रीवाल्याचं नाव परत निघालं नाही.

घुम्या मात्र तिथंच उभा. उसवलेलं काही नाही, मग मामाशेजारी बसायचं कुठल्या निमित्तानं, हे त्यालाही कळेना. मामानं त्याचा गुडघा पुढे ओढला.

"कुणी शिवलंय हे?"

"तुम्ही."

"मी असं शिवतो होय? बस खाली. उसव सगळं. पक्का टाका कसा घालतात ते दाखवतो."

तो बसला. मी घाईघाईनं सुईत दोरा ओवायला घेतला, तर मामानं माझ्या हातावर चापट मारली आणि सुई घुम्याकडे दिली.

बाईंना कळलं होतं का? आणि घुम्या आला नसता तर मामा खरंच यायचं सोडणार होता? मला अजून कळलेलं नाही. विचारलं की मामा म्हणतो, काजं कर.