अंकासोबत आलेली चिठ्ठी

आमच्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर पुठ्ठेकाका बसतात. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर आहे, हाक मारायला ते कोणी वापरत नाही. एकतीस वर्षं त्यांचं काम एकच. संशोधनाच्या नियतकालिकांचे वर्षभराचे अंक जमले की ते एकत्र शिवायचे, कापडी पुठ्ठा चढवायचा आणि पाठीवर साल घालून मांडणीवर ठेवायचे. खळ, टोचा, मेण लावलेला दोरा आणि एक लोखंडी दाबयंत्र एवढाच त्यांचा संसार.

मी इथली ग्रंथपाल, आणि काकांशी माझं कायमचं भांडण. इतर बाइंडर अंकांची मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकतात, नुसते लेख शिवतात. काका सगळंच शिवायचे. त्यामुळे खंड फुगायचे आणि मांडणीत मावायचे नाहीत.

"काका, वीस वर्षांपूर्वीची सूक्ष्मदर्शकाची जाहिरात कोण वाचणार आहे?"

"अंकासोबत आलं ते अंकाचं, मॅडम. निवड करणारा मी कोण?"

पालथ्या घड्यावर पाणी. मी बोलायचं सोडून दिलं.

तोवर वरच्या मजल्यावर वेगळीच आग लागली होती. नियतकालिकांच्या किमती दर वर्षी वाढायच्या. प्रकाशक कंपनीचं पत्र 'कळवण्यास आनंद होतो' असं सुरू झालं की मी तळाचा आकडा आधी बघायचे, कारण तो आनंद नेहमी त्यांचाच असायचा. एकदा काकांनी विचारलं, "लेख लिहिणाऱ्याला किती मिळतात?" म्हटलं, काही नाही. उलट हल्ली छापून यायला तोच पैसे भरतो. "मग तपासणाऱ्याला?" तोही फुकट. "आणि वाचायला आपण पैसे द्यायचे?" काकांनी दोरा तोंडातून काढला. "बाई गं! इतका सोपा धंदा आणि मी आयुष्यभर पुठ्ठे चिकटवत बसलो!"

शेवटी आम्ही कागदी अंक बंद केले आणि फक्त पडद्यावर वाचायची वर्गणी घेतली. कंपनीने जुनी वर्षंही त्यात दिली. प्राचार्य म्हणाले, मग तळमजला रिकामा करा, तिथे संगणक बसवू. मी यादी केली. दोन हजार तीनशे खंड, रद्दीत. खाली माझी सही. गुरुवारी ट्रक येणार होता.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला टोचा खाली ठेवला. मग म्हणाले, "पुठ्ठे सोडवून ठेवू का? कापड रद्दीवाल्याला चालत नाही."

मंगळवारी आमची बुरशीबाई माझ्यासमोर येऊन बसली. पिकांवरच्या बुरशीवर ती संशोधन करते, म्हणून हे नाव. तिलाही ते आवडतं. एका जुन्या लेखातल्या कृतीप्रमाणे ती आठ महिने बुरशी वाढवू पाहत होती आणि बुरशी दर वेळी मरत होती. मार्गदर्शक म्हणत होते, तुझ्या हाताला शिस्त नाही. "मी सोडून देते, ताई," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. काका वर चहा प्यायला आले होते. त्यांनी नियतकालिकाचं नाव विचारलं, साल विचारलं.

"त्या वर्षी एक गुलाबी चिठ्ठी होती," ते म्हणाले.

आम्ही त्यांच्या मागोमाग खाली गेलो. दिवा लावायच्या आधीच त्यांचा हात मांडणीवर गेला होता. खंड उघडला तर लेखाच्या शेजारी, बोटभर रुंदीच्या पट्टीला शिवलेला, गुलाबी कागदाचा तुकडा. मागच्या अंकातली चूक दुरुस्त करणारा. तक्ता तीनमध्ये मिठाचं प्रमाण अर्धा टक्का नव्हे, त्याचा दहावा हिस्सा वाचावं.

बुरशीबाईने ते तीनदा वाचलं. पडद्यावरच्या लेखात ही चिठ्ठी नव्हती. ज्या कुठल्या प्रतीवरून कंपनीने पानांची छायाचित्रं घेतली असतील, तिच्या बाइंडरने सुटा कागद म्हणून ती फेकून दिली असणार. म्हणजे जगभर जो कोणी हा लेख उघडेल, तो दहापट मीठ घालणार आणि स्वतःच्या हाताला दोष देणार.

"काका, तुम्हाला यातलं कळतं?"

"छे! एक अक्षर नाही. पण चिठ्ठी पुढच्या अंकात आली होती आणि तिच्यावर मागच्या अंकाचा पान नंबर होता. जिची जागा होती तिथे लावली."

"अशा किती असतील?"

"मोजल्या नाहीत. अंगठा फिरवून बघा, जाड लागतं."

मी खंडांच्या कडांवरून अंगठा फिरवत गेले. इथे एक उंचवटा, तिथे दोन, पुढे आणखी. त्याच फुगीर खंडांवरून मी या माणसाशी भांडले होते. एकतीस वर्षं, न समजणाऱ्या भाषेतल्या न समजणाऱ्या विद्येच्या चुकांच्या दुरुस्त्या हा माणूस एकेक करून जागेवर शिवत होता, आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

बुधवारी मी प्राचार्यांना खाली आणलं. त्यांनीही अंगठा फिरवला. मग मी त्यांना आदल्या रात्री वाचलेलं करारातलं कलम दाखवलं: वर्गणी थांबली तर जुनी वर्षंही बंद. करारावर सही करताना मी ते वाचलंच नव्हतं. प्राचार्य मूळचे रसायनशास्त्राचे. बराच वेळ ते उंचवटे शोधत राहिले. संगणक दुसरीकडे बसवू, एवढंच म्हणाले.

मी रद्दीची यादी फाडायला घेतली, तर काकांनी माझा हात धरला.

"चूक फाडायची नसते, मॅडम. तिच्या शेजारी दुरुस्ती लावायची."

त्यांनी खणातून गुलाबी कागद काढून दिला. मी लिहिलं: 'सोबतच्या यादीतील सर्व नोंदी चुकीच्या आहेत. एकही खंड काढू नये.' खाली सही केली. काकांनी बोटाने खळ लावली, कागद यादीच्या कडेला नीट बसवला आणि वाळेपर्यंत तळहाताने दाबून धरला.