सरबताच्या बाटलीतली वालधुनी

शीतलचा फोन सकाळी आला. "ताई, बाबा गेले गं... झोपेतच," एवढंच म्हणाली. तिचे बाबा म्हणजे माझे विलासकाका. बदलापूरहून अंबरनाथला पोचेपर्यंत मला, का कोण जाणे, त्यांच्या फ्रीजच्या दारातली बाटलीच आठवत होती. आता महिना उलटलाय, रडूनही झालंय, आणि काकांची आठवण आली की आधी हसू येतं.

काका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. कारखान्याचं पाणी जायचं वालधुनीत, आणि त्याच नदीत ते लहानपणी पोहायला शिकले होते. "घाण आम्हीच केली, निदान बघायला तरी जायला हवं," म्हणत दर रविवारी ते पुलाखाली उतरायचे आणि सरबताच्या एका जुन्या बाटलीत नदीचं पाणी भरून आणायचे. रंग बघायचा, वास घ्यायचा, काहीबाही तपासायचं आणि पुढच्या रविवारपर्यंत बाटली फ्रीजमध्ये. नमुना थंड राहायला हवा, हा हट्ट. काकू कटकट करायची, पण जागा द्यायची. काकांची इच्छा एकच होती. "या बाटलीत एकदा काहीतरी जिवंत आलं पाहिजे. बास, मग माझं समाधान."

शीतलला बघायला उल्हासनगरचे पाहुणे आले, त्या आठवड्यात नदी लालबुंद होती. गडबडीत काकूने कोकम समजून नेमकी तीच बाटली काढली, साखर-जिरेपूड घातली आणि पेले बाहेर पाठवले. मुलाचे वडील पेला ओठांशी नेऊन थबकले. "वहिनी, कोकमला ऑइलपेंटचा वास येतोय का हो? अजून पिया नहीं, फक्त विचारतोय." काकांनी धावत येऊन आधी पेला हिसकावला. "अगं, ही वालधुनी आहे!" काकूला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. मग ते गृहस्थच हसत सुटले. "आमच्या घरामागून पण हीच जाते. आज घरात आली, एवढंच!" लग्न जमलं. तेव्हापासून हे व्याही आले की दारातूनच विचारायचे, "काय विलासराव, सरबत कसंय यंदा?"

सरबत बदलत गेलं. काही कारखाने बंद पडले, काहींचं पाणी दुसरीकडे वळवलं, तसा रंग फिका झाला. पण इमारती वाढल्या आणि रंगाच्या जागी गटार आलं. निवृत्तीनंतर काका नदीला मिळणाऱ्या डोंगराकडच्या ओढ्यांवर जायला लागले. तिथे राडारोडा टाकणाऱ्या डंपरवाल्यांशी त्यांची जुंपायची. "वरचं पाणी बुजवलंत, तर खाली आपली घाणच वाहणार ना!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते चिडलेले फार आवडायचे.

या पावसाळ्यानंतर एका रविवारी त्यांनी मला आणि व्याह्यांना बोलावून घेतलं. बाटली खिडकीपाशी उजेडात धरली होती. पाणी गढूळच, पण आत नखाएवढा एक मासा वळवळत होता.

"गप्पी असेल," काकू म्हणाली. "तो गटारातही जगतो."

"असू दे. पूर्वी तोसुद्धा जगत नव्हता!"

"सरबतात मच्छी... क्या बात है, विलासराव!" व्याह्यांनी त्यांना मिठीच मारली. मग आम्ही सगळे पुलाखाली गेलो आणि काकांनी हलक्या हाताने ती बाटली नदीत ओतली. नमुन्याचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आज नाही घ्यायचा." घरी येऊन त्यांनी बाटली धुतली आणि रिकामीच फ्रीजच्या दारात ठेवली. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. त्याच आठवड्यात शीतलचा तो फोन आला.

परवा रविवारी मी काकूकडे बसले होते. व्याही आले आणि सवयीने दारातूनच म्हणाले, "काय विलासराव, सरबत..." काकू उठली. फ्रीज उघडून तिने ती रिकामी बाटली काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"आता तुम्हीच आणा, भाऊ. आणि पुलाखाली जपून उतरा, तिथे शेवाळ आहे."