दोन डोकी, एवढाच अर्थ

आमच्या कोन गावच्या गोठ्यात म्हशीला दोन डोक्यांचं रेडकू झालं तेव्हा मी बारावीत होते. सकाळी दहापर्यंत अर्धा गाव अंगणात जमला. कुणी हळदकुंकू घेऊन आलं, कुणी मोबाइल काढून. शेजारचे काका वडिलांना म्हणाले, "अपशकुन हाय हा. म्हशीला आजच विकून टाक." वडिलांनी म्हशीपुढे पेंढा टाकला.

गुरांच्या डॉक्टरांनी रेडकू तपासून कागदावर लिहिलं, 'डायसेफॅलस'. मी अर्थ विचारला.

"ग्रीक शब्द आहे," ते म्हणाले. "डाय म्हणजे दोन, केफाले म्हणजे डोकं. पोटात गर्भाची वाढ नीट झाली नाही की असं होतं."

"म्हणजे शाप वगैरे नाही?"

"त्या शब्दात तरी नाही."

मी तो कागद घेऊन फाटकापाशी गेले आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. "दोन डोकी, एवढाच याचा अर्थ आहे. कुणी पाया पडू नका, कुणी शिव्याशाप देऊ नका. घरी जा."

"पोरीनं एवढं बोलू नये," काका ओरडले. लोक एकेक करून अंगणातून बाहेर पडले. काकाही बाहेर गेले, तशी मी त्यांच्यासमोरच फाटकाला कडी घातली.

रेडकू संध्याकाळी गेलं. आईने आणि मी ते परसात पुरलं. म्हैस दोन दिवस हंबरत होती. तिसऱ्या दिवशी काका गिऱ्हाईक घेऊन आले, तेव्हा मी तिचं दावं हातात धरून उभी राहिले. शेवटी वडील बोलले, "म्हस कुठं जानार न्हाय."

पुढे तिला धडधाकट रेडी झाली. काकांनी खरवसासाठी चीक मागायला भांडं पाठवलं. आई दे म्हणाली. मी भांडं रिकामंच परत पाठवलं.