एका स्टारची स्वयंपाकीण

सुनंदाबाई ऑफिसात आल्या आणि खुर्चीवर न बसताच म्हणाल्या, "माझ्या हातचं काय बिघडलं, तेवढं सांगा. मग जाते."

त्यांच्या मोबाईलवर अकाउंट बंद झाल्याचा मेसेज होता. तोही ऐन पितृपक्षाच्या तोंडावर. सणावाराचा, श्राद्धाचा सोवळ्यातला स्वयंपाक करणाऱ्या बाया देवासात आता शोधून सापडत नाहीत. याच कामाच्या भरवशावर त्या धारचं घर सोडून इथे खोली घेऊन राहिल्या होत्या.

आमचं अ‍ॅप साधं आहे. लोकच आपल्या ओळखीचे प्लंबर, घर रंगवणारे पुताईवाले, स्वयंपाकिणी त्यावर टाकतात आणि काम झालं की स्टार देतात. याला क्राउडसोर्सिंग म्हणतात. माझी आई याला शेजारणीला विचारणं म्हणते. स्टार फार घसरले की सिस्टिम आपोआप नाव काढून टाकते.

बाईंना सगळीकडून एकच स्टार. मी इंदूरला बॉसना फोन लावला.

"भिया," ते इंदुरी थाटात म्हणाले, "एवढे लोक खोटं बोलतील का? डेटा आहे."

"सर, हेच लोक त्यांना पुन्हा पुन्हा बोलावतात. तोही डेटाच आहे."

"मग विचार ना त्यांनाच."

पहिला फोन दिघेकाकूंना केला. "काकू, सुनंदाबाईंचा स्वयंपाक आवडला नाही का?"

"कोण म्हणतं? आमच्या ह्यांनी अळूची भाजी मागून मागून खाल्ली."

"मग एक स्टार कसा?"

"अरे, पाच दिले असते तर सगळं गाव त्यांच्या दारात. सासूबाईंच्या तिथीला आम्ही काय हॉटेलातून पानं मागवायची?"

बाकीच्यांचंही हेच उत्तर, फक्त तिथी वेगळी. प्रत्येकाला वाटत होतं, ही युक्ती आपल्यालाच सुचली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

बाईंना सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"तोंडावर एकदा 'छान झालं' म्हणाल्या असत्या, तर त्यांची तिथी मीच धरून ठेवली असती. मी इथे रात्रंदिवस मीठ जास्त पडलं का, याचा विचार करतेय."

मला फार वाईट वाटलं. अकाउंट त्याच दिवशी सुरू करून घेतलं. काकू बुकिंग करायला गेल्या, तोवर त्यांची तिथी अमझेऱ्याहून नव्याने आलेल्या एका कुटुंबाने घेतली होती. काकूंनी मला फोनवर बरंच सुनावलं. मी ऐकून घेतलं.

आता कुणालाही एक स्टार आला की मी ग्राहकाला विचारतो, "पुढच्या वेळी दुसरं कोणी पाठवू?" "छे, तीच हवी," असं उत्तर आलं, की तो स्टार मी पाच धरतो.