धबधबा, दहा मिनिटे

त्या वनोद्यानात एकूण त्रेसष्ट पाट्या होत्या आणि साऱ्यांवरचे आकडे एकाच माणसाच्या पायांनी ठरवलेले होते. कामावर सगळे त्यांना पाटीवाले म्हणत. पाटीवाले वाट स्वतः चालून बघत, घड्याळ लावत आणि खाली उतरल्यावर पिवळ्या रंगात लिहीत: दरी, पंचवीस मिनिटे. तळे, एक तास. चालायचे एकटे, नाकासमोर, पाण्याची बाटलीसुद्धा न घेता. लोक तक्रारवहीत लिहीत की पाटीवरच्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. पाटीवाले खाली एकच उत्तर लिहीत: "पाटी बरोबर आहे. कृपया चालावे."

घरीही तोच खाक्या. सव्वासहाला येतो म्हणाले की सव्वासहाला बायको दार उघडायची, बेलची वाट न बघता. एकतीस वर्षांत ती एकदाही फसली नव्हती. नवऱ्याच्या शब्दावर तिचा जेवढा विश्वास होता तेवढा खुद्द घड्याळावर नव्हता.

धबधबा मात्र तिनं कधी पाहिला नव्हता. नवऱ्याच्या कामाच्या ठिकाणी बायकोचं काय काम, असं दोघांचंही मत. आता त्यांच्या निवृत्तीला दोन आठवडे उरले होते आणि तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन. त्यानंतर चढ-उतार कायमचे बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. धबधबा बघायचा तर आत्ताच, नाहीतर विषय संपला. मुलीनं कुणाला न विचारता दोन दिवसांसाठी तंबूची जागा घेऊन टाकली.

तंबू उभारायचं काम जावयाकडे होतं. पिशवीवर छापलं होतं, "पाच मिनिटांत तयार". पाऊण तासानं तंबू उभा राहिला, पण त्याचं दार नेमकं झाडाच्या बुंध्यासमोर आलं. सगळे अंग चोरून आत-बाहेर करू लागले. पाटीवाले म्हणाले, "लोक काय वाटेल ते छापतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या वेळी नातीला एक गोगलगाय सापडली आणि तिनं जागचं हलायला साफ नकार दिला. जावई तिच्याजवळ थांबला. तंबूच्या दांड्या हाताळून त्याचीही हौस फिटली होती. उरले तिघं. पहिल्या चढावरच पाटीवाल्यांची पंचाईत झाली. हळू चालणं त्यांच्या अंगातच नव्हतं. दहा पावलं पुढे जायचे, थांबायचे, घड्याळ बघायचे. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, तुम्ही व्हा पुढे. तुमचा जीव वर-खाली होतोय आणि माझाही. पाट्या आहेत ना, आम्ही चुकायच्या नाही."

पाटीवाले सुटले. ठरल्याप्रमाणे चाळीस मिनिटांत वर पोचले आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिथल्या दगडावर बसले. अर्धा तास गेला. तास झाला. धबधबा पडत होता, त्याला दुसरा उद्योग नव्हता. दीड तासानं पाटीवाले उठले. वर फोन लागत नाही, गुडघ्याचा काय भरवसा, पडली-बिडली तर. ते धावतच उतरले.

दोघी "धबधबा, दहा मिनिटे" या पाटीखाली बसलेल्या होत्या. बायकोनं गुडघ्याला ओला रुमाल गुंडाळला होता. मुलगी फुगून बसली होती.

"काय झालं? लागलं का कुठं?"

"छे. वाट चुकलो आम्ही," बायको म्हणाली. "इथून पुढे दहा मिनिटं चाललो, धबधबा नाही. वीस मिनिटं झाली, तरी नाही. पाण्याचा आवाजसुद्धा नाही. तेव्हा म्हटलं, आपलंच काहीतरी चुकलं. आलो परत."

"मी शंभर वेळा सांगितलं, बाबा, वाट हीच आहे," मुलगी म्हणाली. "ऐकेल तर ना. म्हणे, तुझ्या बाबांची पाटी चुकणार नाही."

"कुठून परतलात?"

"पायऱ्यांना लोखंडी कठडा लागतो ना, तिथून."

पाटीवाल्यांना तो कठडा पाठ होता. तिथून वळण बत्तीस पायऱ्यांवर आणि वळल्याखेरीज आवाज येत नाही. बत्तीस पायऱ्या. त्यांना रडू आलं असतं, पण मुलगी समोर होती. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळणारही नव्हतं.

"पाटी चुकली आहे," ते म्हणाले.

"असं कसं होईल?" बायकोनं पाटीची बाजू घेतली. "तुम्ही दमलात. पाणी प्या."

"माझ्या पायांनी दहा मिनिटं. तुझ्या पायांनी कधी मोजलंच नाही."

तिनं गुडघ्यावरचा रुमाल सोडला. मग उठण्यासाठी तिनं हात पुढे केला. "चला, मोजा मग."

ती पुढे, मागे मुलगी, सगळ्यात शेवटी पाटीवाले. दर आठ-दहा पायऱ्यांनी ती थांबायची की मागची वरातही थांबायची. कठड्यापाशी ती म्हणाली, "हेच ते." पाटीवाल्यांनी तिच्या कोपराखाली हात धरला. वळण आलं आणि पाण्याचा आवाज आला.

ती त्यांच्याच दगडावर बसली. पदर ओला झाला तरी ती मागे सरकली नाही.

"इतकी वर्षं तुम्ही हे बघत होतात," ती म्हणाली, "आणि घरी येऊन एका शब्दानं सांगितलं नाहीत."

"बघत नव्हतो," पाटीवाले म्हणाले. "पोचलो की वेळ लिहायचो आणि मागे फिरायचो. बसलो ते आजच. तुझी वाट बघत."

बायकोनं हिशेब केला.

"म्हणजे माझ्या दोनच तास आधी पाहिलात."